गेम ॲप पारखायची साधनं : व्हायरसटोटल, एक्सोडस आणि बाकीची मंडळी

निकाल आधीच सांगून टाकते. गेमचं ॲप फोनमध्ये घेण्याआधी तपासायला जी फुकट साधनं मिळतात, त्यांतलं फाइलमधला व्हायरस शोधणारं व्हायरसटोटल उत्तम आहे आणि पाळत ठेवणारे ट्रॅकर शोधणारं एक्सोडस माझं लाडकं आहे. प्ले स्टोअरवरची ‘डेटा सेफ्टी’ची पाटी वाचावी, पण तिच्यावर विसंबू नये. आणि या तिघांनी पास केलेलं ॲपसुद्धा तुमचे पैसे बुडवू शकतं. हे शेवटचं बहुतेकांना पटत नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांनी बांधलेलं मोडून बघायचं, हा धंदा. त्यामुळे ‘हे ॲप टाकू का?’ हा प्रश्न घरातून आणि ऑफिसातून फिरत फिरत माझ्याकडेच येतो. विचारणारे दोघे ठरलेले. एक भाचा. त्याला प्रत्येक गेमची ‘मॉड’ आवृत्ती हवी असते, म्हणजे नाणी अमर्याद आणि जाहिराती गायब. दुसरे ऑफिसातले एक वरिष्ठ सहकारी. त्यांना पत्त्यांचा नाद, आणि आता पत्ते मोबाइलवर आले आहेत. दोघांचा प्रश्न शब्दाला शब्द तोच असतो, पण भीती वेगळी असायला हवी. भाच्याला धोका फाइलमध्ये काय दडलंय याचा. सरांना धोका समोर कोण बसलंय याचा. साधनं बहुतेक सगळी पहिल्या धोक्यासाठी बनलेली आहेत.

व्हायरसटोटलपासून सुरुवात करू. स्पेनमधल्या हिस्पासेक कंपनीने २००४ साली हे सुरू केलं, २०१२ मध्ये गूगलने विकत घेतलं. फाइल किंवा वेबपत्ता द्यायचा, की सत्तरच्या आसपास अँटीव्हायरस इंजिनं आपापलं मत देतात. खातं उघडावं लागत नाही. फाइलची मर्यादा ६५० एमबी आहे, आणि आजकालचे मोठे गेम तिच्यात मावत नाहीत. पण त्या गेममधली बरीचशी जागा चित्रं आणि आवाज खातात. मूळ एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवायची फाइल, वेगळी मिळाली तर ती पुष्कळदा मावते.

मी फाइल लगेच चढवत नाही, आधी तिचा हॅश शोधते. एसएचए-२५६ हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बाइटचा हिशेब करून काढलेली ६४ अक्षरी खूण. एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी खूण पार बदलते. ती शोधपेटीत टाकली आणि कोणी आधी तीच फाइल तपासलेली असली, तर अहवाल तयार मिळतो. काहीच सापडलं नाही तर तेही एक उत्तर असतं. ‘लाखो लोक खेळतात’ म्हणून मिरवणाऱ्या गेमची नेमकी ही फाइल जगात कोणीच कधी तपासलेली नसावी, हे जरा विचित्रच. अर्थात हे सुट्या एपीकेबद्दल. प्ले स्टोअर २०२१ पासून नव्या ॲपसाठी तयार एपीकेऐवजी सगळ्या भागांचा एक गठ्ठा (बंडल) घेतं आणि फोनागणिक वेगळे तुकडे करून पाठवतं, त्यामुळे तिथून आलेल्या फायलींचे हॅश दोन फोनांत जुळतीलच असं नाही.

आता निकाल कसा वाचायचा. वरच्या वर्तुळात आकडा येतो, सत्तरपैकी दोन, सत्तरपैकी शून्य वगैरे. बहुतेक लोक तेवढाच वाचतात. खरं वाचायचं असतं खाली. एखाद्याच अनोळखी इंजिनाने ‘रिस्कवेअर’ (जोखमीचं) किंवा ‘पीयूए’ (बहुधा नको असलेलं ॲप) असलं मोघम नाव दिलं असेल, तर तो पुष्कळदा आक्रमक जाहिरातींचा किंवा फाइल गुंडाळण्याच्या पद्धतीचा परिणाम असतो. पण तीन-चार नावाजलेली इंजिनं एकाच घराण्याच्या ट्रोजनचं, म्हणजे साळसूद ॲपचं सोंग घेतलेल्या घातक सॉफ्टवेअरचं, नाव घेत असतील, तर पुढे वाद नको, फाइल पुसा. तपासणीची तारीखही बघा. अहवाल जुना असेल तर पुन्हा तपासणीचं बटण आहे, ते दाबा. इंजिनांना नवीन माल ओळखायला वेळ लागतो, आणि आज शून्य आलेली फाइल आठवड्याने लाल होऊ शकते.

एक सावधगिरी. तिथे चढवलेली फाइल तुमच्यापुरती राहत नाही, ती सुरक्षा कंपन्यांना आणि पैसे भरणाऱ्या ग्राहकांना उपलब्ध होते. गेमच्या एपीकेला काही फरक पडत नाही. पण त्या ॲपने पाठवलेली, तुमचं नाव आणि खाते क्रमांक असलेली पीडीएफ पावती तिथे तपासायला टाकू नका.

माझ्या मते या साधनाचा सगळ्यात उपयोगी भाग आकड्यात नाहीच, तो ‘डिटेल्स’च्या पानावर आहे. तिथे पॅकेजचं नाव, सही कोणाच्या प्रमाणपत्राने झाली आहे ते, आणि मागितलेल्या परवानग्या उघड दिसतात. याचा उपयोग कसा करायचा हे पोकेमॉन गोच्या गोष्टीवरून कळतं. जुलै २०१६ मध्ये तो गेम आधी मोजक्याच देशांत आला. बाकीच्यांना दम निघेना, तेव्हा लोकांनी इकडून तिकडून एपीके मिळवून टाकायला सुरुवात केली. पहिल्या देशांत गेम येऊन ७२ तासही झाले नव्हते, तोवर प्रूफपॉइंट या सुरक्षा कंपनीला एक एपीके सापडली. तिच्यात ड्रॉइडजॅक घातलेलं होतं, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा दूर बसलेल्या माणसाकडे. गेमचं सुरुवातीचं चित्र हुबेहूब तेच, त्यामुळे खेळणाऱ्याला काही कळण्याचा प्रश्नच नाही. फरक दिसत होता परवानग्यांच्या यादीत. एसएमएस वाचणं आणि पाठवणं, आवाज रेकॉर्ड करणं, थेट फोन लावणं, असल्या गोष्टी त्या नकली फाइलने जास्तीच्या मागितल्या होत्या. अस्सल आणि आणलेली अशा दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की झालं. भाच्याच्या प्रत्येक ‘मॉड’ फाइलवर मी हेच करते. मॉड म्हणजे अस्सल ॲप कोणीतरी उकलून पुन्हा शिवलेलं. त्यावरची सही मूळ कंपनीची असूच शकत नाही, कारण तिची गुप्त किल्ली शिवणाऱ्याकडे नसते. म्हणून अस्सल गेमवर मॉड अपडेट म्हणून बसत नाही, आधीचा काढावा लागतो. फोन तिथेच सांगत असतो की हा माल दुसऱ्या कारखान्याचा आहे.

“पण सगळं हिरवं आलंय ना मावशी!” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याच्या आधीच उत्तर देते. रक्तातली साखर नॉर्मल आली म्हणून हाड मोडलेलं नाही असं कोणी डॉक्टर म्हणत नाही. व्हायरसटोटल सांगतं की या फाइलमध्ये, आज, ओळखीचं काही वाईट सापडलं नाही. फाइल उद्या कुठून काय उतरवून घेईल, ते त्या फाइलमध्ये नसतंच. २०१७ मध्ये चेकपॉइंट या सुरक्षा कंपनीने उघडकीला आणलेलं ‘ज्युडी’ प्रकरण नेमकं हेच होतं. एका कोरियन कंपनीची ४१ ॲप्स, बरेचसे ज्युडी नावाच्या पात्राचे स्वयंपाकाचे आणि कपडे घालण्याचे लहान मुलांचे खेळ, आणि सगळी खुद्द प्ले स्टोअरवर. ॲप दिसायला साफ. फोनमध्ये शिरल्यावर ते आपल्या सर्व्हरला हाक मारायचं, तिथून खरा उद्योग उतरवून घ्यायचं आणि मग पाठीमागे गुपचूप जाहिरातींवर क्लिक करत बसायचं. डाउनलोड ४५ लाख ते १ कोटी ८५ लाखांच्या दरम्यान झाले असावेत, असा अंदाज त्यांनी दिला होता. काही ॲप्स तर कित्येक वर्षं तिथे नांदत होती.

उलट बाजूही आहे. दुकानाबाहेरून आलेलं प्रत्येक ॲप बनावट नसतं. फोर्टनाइट ऑगस्ट २०१८ मध्ये अँड्रॉइडवर आला तोच प्ले स्टोअर टाळून, तो बनवणाऱ्या एपिक कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. पण तेव्हा त्याच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच एक भोक निघालं. फोनमधलं दुसरं ॲप, उतरवलेली फाइल बसवण्याआधीच बदलून टाकू शकत होतं. गूगलने ते दाखवून दिलं, एपिकने दोनेक दिवसांत बुजवलं. म्हणजे मालक खरा, पत्ता खरा, तरी वाट धोक्याची.

आता एक्सोडस. फ्रान्समधल्या स्वयंसेवी संस्थेने २०१७ पासून चालवलेलं हे काम आहे आणि मला त्याचं फार कौतुक आहे, कारण ते एकच गोष्ट करतं आणि तीही न ओरडता. ॲपचं नाव टाका, अहवालात दोन याद्या मिळतात. एकीत ॲपच्या पोटात सापडलेले ट्रॅकर, म्हणजे तुमच्या वापराची माहिती बाहेर पाठवणारे तुकडे, दुसरीत परवानग्या, आणि धोक्याच्या परवानग्यांपुढे उद्गारचिन्ह. अहवाल आधीचा नसेल तर तपासणीची मागणी करता येते. फोनसाठी त्यांचं छोटं ॲपही आहे, ते आधीच बसवलेल्या सगळ्या ॲपची झडती एकदम दाखवतं. ते पहिल्यांदा चालवाल तेव्हा मन घट्ट करा. फुकट गेम हे जाहिरातींवर जगतात, त्यामुळे साध्या ठोकळे जुळवायच्या खेळातही ट्रॅकरची रांग लागलेली दिसते.

त्याची मर्यादा ते स्वतःच मोकळेपणाने सांगतात. ही स्थिर, म्हणजे ॲप न चालवता केलेली, तपासणी आहे. ॲपच्या कोडमध्ये ओळखीच्या ट्रॅकरच्या खुणा आहेत का, एवढंच बघितलं जातं. सापडलेला ट्रॅकर चालू आहेच असं नाही, आणि न सापडला म्हणजे कोणी माहिती गोळा करत नाही असंही नाही. कंपनीने आपल्याच सर्व्हरवर सगळं साठवलं तर एक्सोडसला ते दिसायचं कारण नाही. आयफोनवाल्यांना या साधनाचा उपयोग नाही. ट्रॅकर किती यापेक्षा कोणते, हे मी बघते. क्रॅश झाल्याचा अहवाल पाठवणारा एक तुकडा आणि ठिकाणाची माहिती विकणाऱ्या जाळ्याचा तुकडा, मोजताना दोघे एकेकच धरले जातात.

प्ले स्टोअरवरच्या ‘डेटा सेफ्टी’ रकान्यावर फार वेळ घालवत नाही. २०२२ पासून तो सक्तीचा आहे, ॲपलचं तसलंच लेबल २०२० च्या डिसेंबरपासून आहे, आणि दोन्हीकडे माहिती ॲप बनवणाराच भरतो. आपल्या उत्तरपत्रिकेला आपणच गुण द्यायचे. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२३ च्या सुरुवातीला ४० लोकप्रिय ॲप्सचे हे रकाने त्यांच्याच गोपनीयता धोरणांशी ताडून बघितले, तेव्हा जवळपास ८० टक्क्यांत तफावत निघाली. तरी मी रकाना वाचते. त्यात जे कबूल केलंय ते तरी खरं असतं, आणि ‘काहीच गोळा करत नाही’ म्हणणाऱ्या ॲपमध्ये एक्सोडसला जाहिरातींचे ट्रॅकर सापडले, की त्या विसंगतीतून बनवणाऱ्याचा स्वभाव कळतो. वयोगटाचा शिक्काही असाच प्रश्नावलीच्या उत्तरांवरून मिळतो, तो सुरक्षिततेचा दाखला नाही. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे फोनमधली गूगलची स्वतःची तपासणी, चालू ठेवा, पुढे त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

परवानग्यांबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण तिथे कुठलंच साधन लागत नाही, नुसता हट्ट लागतो. गेमला एसएमएस कशाला वाचायचे? गप्पा मारत खेळायचा असेल तर मायक्रोफोन समजू शकते, तोही खेळताना. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, परवानगी वापराच्या वेळी मागावी लागते आणि आपण नाकारू शकतो. नाकारा आणि बघा. चांगला गेम कुरकुर न करता चालतो. वाईट ॲप दर दोन मिनिटांनी तीच पेटी पुढे करतं.

सगळ्यात घातक परवानगी दिसायला सगळ्यात सोज्वळ आहे, ॲक्सेसिबिलिटी. डोळ्यांना कमी दिसणाऱ्यांसाठी, हात नीट न चालणाऱ्यांसाठी ती सोय आहे. ती मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. बँकेच्या ॲपमध्ये शिरणारे ट्रोजन नेमकी हीच मागतात. शेजारीच ‘इतर ॲप्सवर दाखवा’ ही दुसरी, जिच्या जोरावर खऱ्या पडद्यावर खोटा पडदा घालता येतो. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आणलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहजी देता येत नाही, सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम अडसर काढावा लागतो. म्हणून एखाद्या गेमच्या ‘कसे बसवावे’ या सूचनांमध्ये तो अडसर काढायच्या पायऱ्या चित्रांसकट दिलेल्या असतील, तर पुढच्या तपासणीची गरज उरत नाही. भाच्याच्या एका फाइलबरोबर अशीच सचित्र पुस्तिका आली होती. त्याला म्हटलं, बाबा रे, एवढी मेहनत फुकटच्या नाण्यांसाठी कोणी करत नाही. तो हिरमुसला आणि मूळ गेम जाहिरातींसकट खेळायला लागला.

इथवर फाइल झाली. आता सरांचा प्रश्न.

त्यांनी आणलेलं पत्त्यांचं ॲप या सगळ्या चाळण्यांतून अलगद खाली आलं. व्हायरसटोटलवर शून्य. परवानग्या मोजक्या. संकेतस्थळ देखणं, ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र लागलेलं. सर खूश. “बघा मॅडम, तुम्ही उगाच घाबरवता.” पण त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही. समोरचा लबाड असला तरी त्याच्याशी तुमचं बोलणं अगदी सुरक्षित होतं. त्या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र कोणालाही मिनिटात फुकट मिळतं. लोकांचा हा गैरसमज इतका पक्का होता की क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं कुलपाचं चित्रच काढून टाकलं.

नाव आणि चेहरा यांवरही जाऊ नका. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलच्या ॲप स्टोअरवर, जिथे प्रत्येक ॲप माणसं तपासतात म्हणे, कपहेड हा गाजलेला गेम विकायला आला. तेव्हा त्याची मोबाइल आवृत्तीच अस्तित्वात नव्हती. मूळ निर्मात्यांना ‘हे आमचं नाही’ म्हणून जाहीर करावं लागलं. ओळख तपासायची साधी रीत म्हणजे उलटं जाणं. दुकानातून संकेतस्थळाकडे जाण्याऐवजी, गेम बनवणाऱ्याच्या, तुम्हाला आधीपासून माहीत असलेल्या संकेतस्थळावरून दुकानाच्या दुव्यावर या आणि पॅकेजचं नाव तेच आहे का बघा. दुकानातल्या पानाच्या वेबपत्त्यात ‘आयडी’नंतर येतं ते नाव. एक अक्षर इकडचं तिकडे असेल तर ते घाईत झालेलं नसतं.

डोमेनचं, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचं, वय बघायला मी आयकॅन या इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेचं शोधपान वापरते. पूर्वी याला हूइज म्हणत, जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी त्याची जागा आरडॅपने घेतली. मालकाचं नाव आता बहुधा झाकलेलं असतं, युरोपातला खासगीपणाचा कायदा २०१८ मध्ये आल्यापासून. पण नोंदणीची तारीख उघडी असते आणि ती पुरते. सरांच्या ॲपच्या संकेतस्थळावर ‘गेली दहा वर्षे आपल्या सेवेत’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. डोमेन काही आठवड्यांपूर्वीचं.

मग परवाना. पैसे लावून खेळणं आपण राहतो तिथे मुळात चालतं का, हा पहिला प्रश्न. काही ठिकाणी सरसकट बंदी आहे आणि तिथे पुढची सगळी तपासणी फिजूल. जिथे चालतं तिथे ॲपच्या तळाशी शिक्के असतात. शिक्का म्हणजे चित्र, आणि चित्र कोणीही चिकटवतं. त्यावर क्लिक करायचं. ब्रिटनचं गॅम्बलिंग कमिशन आणि माल्टाची गेमिंग ऑथॉरिटी दोघेही परवानाधारकांची नोंदवही ऑनलाइन उघडी ठेवतात. क्लिक केल्यावर त्यांच्या संकेतस्थळावर, नेमक्या त्या कंपनीच्या पानावर जायला हवं. त्याहून बरं म्हणजे शिक्का विसरून नोंदवही स्वतः उघडायची आणि तिथे कंपनीचं नाव शोधायचं. सरांच्या ॲपवरचा शिक्का दाबला तर तेच चित्र मोठं होऊन उघडलं.

परवाना खरा असला तरी पुढचा प्रश्न उरतो, पत्ते नीट पिसले जातात का? इथे मला एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, माझ्या धंद्यातली आवडती आहे. १९९९ मध्ये ऑनलाइन पोकरचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एएसएफ सॉफ्टवेअर या कंपनीने आपलं पिसणं किती प्रामाणिक आहे हे दाखवायला पिसण्याचा कोडच जाहीर केला. एका सॉफ्टवेअर सुरक्षा कंपनीच्या लोकांनी तो वाचला. ५२ पत्त्यांच्या रचना ६८ आकडी संख्येइतक्या असतात. पण तो कोड दर डावाला घड्याळातल्या मध्यरात्रीपासूनच्या मिलिसेकंदांवरून सुरू व्हायचा, म्हणजे रचना फार तर ८ कोटी ६४ लाख. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं की त्या उरल्या दोनेक लाख. आपले दोन पत्ते आणि मेजावरचे पहिले तीन दिसले की बाकी सगळ्यांचे हात त्यांना कळत होते, डाव चालू असतानाच. कंपनीला लबाडी करायची नव्हती. उघडेपणाने वागूनच ती पकडली गेली, आणि बरं झालं.

म्हणून जीएलआय किंवा ईकोग्रासारख्या, असे खेळ तपासणाऱ्या प्रयोगशाळांचे दाखले बघावेत, पण तेही त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन, आणि दाखला कुठल्या आवृत्तीचा आहे ते वाचून. तरीही आतला माणूस फितूर असेल तर दाखल्याचं काही चालत नाही. ॲब्सोल्यूट पोकरमध्ये २००७ साली एका खात्याला बाकीच्यांचे झाकलेले पत्ते दिसत होते. परवाना होता, कॅनडातल्या कानावाके आयोगाचा. पकडलं कोणी? खेळणाऱ्यांनी. जुन्या डावांच्या नोंदी मांडून, असं खेळणं निव्वळ नशिबाने शक्य नाही हे त्यांनी दाखवलं. आयोगाने दंड केला तो नंतर.

आणि जिथे लबाडी नाही, परवान्याचा प्रश्न नाही, ॲप जगप्रसिद्ध, तिथेही पैसे जातात. एपिकने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले २४ कोटी ५० लाख नकळत झालेल्या खरेद्यांसाठी होते. बटणांची रचना अशी, की झोपलेला गेम जागा करताना किंवा पडदा उघडायची वाट बघतानाही एका दाबाने खरेदी व्हायची. हे कुठल्या इंजिनात लाल दिसणार?

तेव्हा माझी शेवटची चाचणी बाहेर पडण्याच्या दाराची असते, आणि ती आत शिरायच्या आधी करते. खातं पुसायचं कसं? ॲपलने जून २०२२ पासून आणि गूगलने २०२४ पासून खातं उघडू देणाऱ्या ॲपना खातं पुसायची सोय सक्तीची केली आहे, प्ले स्टोअरवर तर त्याची लिंक ‘डेटा सेफ्टी’तच असते. ती उघडून बघा. नेमकं ते पान मिळतं की नुसतं कंपनीचं मुखपृष्ठ? मग पैसे काढण्याचे नियम. जमा करायला एक मिनिट, काढायला ‘पडताळणीनंतर’, आणि पडताळणीला मुदत नाही, असं असेल तर नियमावली मन लावून वाचा. बोनसच्या कलमात बहुधा मेख असते. बोनस घेतला की त्याच्या अनेक पट रक्कम खेळून झाल्याशिवाय तुमचे स्वतःचे पैसेही अडकून राहतात. काढण्याआधी ‘कर’ किंवा ‘शुल्क’ म्हणून आणखी जमा करायला सांगणारं ॲप म्हणजे सरळ सरळ ठकबाजी. खरं शुल्क शिलकीतून वजा होतं, वरून मागितलं जात नाही.

सरांना मी म्हटलं, ग्राहक सेवेला लेखी विचारा, काढलेले पैसे किती दिवसांत मिळतात, आणि न मिळाल्यास तक्रार कोणाकडे करायची. त्यांनी विचारलं. उत्तर तत्परतेने आलं. पहिली रक्कम जमा करा, मग आमचे प्रतिनिधी सर्व नियम समजावून सांगतील. सोबत एका मेसेजिंग ॲपवरचा नंबर आणि आजच्या दिवसापुरता दुप्पट बोनस. सर दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत होते, मग ॲप काढून टाकलं.

आता ते पैसे न लावता, नुसत्या गुणांवर खेळतात. त्या ॲपला व्हायरसटोटलवर शून्य, बनवणारे ओळखीचे, खातं न उघडताही खेळता येतं. एक्सोडसने मात्र ट्रॅकरची भलीमोठी रांग दाखवली. मी ती यादी त्यांना वाचून दाखवली. “असू दे मॅडम,” ते पत्ते लावता लावता म्हणाले, “माझा हात बघून त्यांना जाहिराती तरी कसल्या सुचणार आहेत?”